नाताळचा पॉइनसेटिया पुढच्या वर्षी पुन्हा लाल कसा करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात नर्सरीतून आणलेली लालभडक पॉइनसेटियाची कुंडी मार्चपर्यंत काटकुळी होते आणि बरेच जण तिथेच तिला निरोप देतात. ज्यांनी ती ठेवली, त्यांचं झाड पावसाळ्यात छान फोफावतं, पण डिसेंबर उजाडला तरी हिरवंच राहतं. येणारे बहुतेक प्रश्न या दोन टप्प्यांवरचे आहेत. खालच्या तारखा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आहेत. परदेशातल्यांनी प्रश्न १६ आधी वाचावा.

१. लाल दिसतात ती फुलं की पानं?

पानंच. शास्त्रात त्यांना सहपत्रं म्हणतात. खरी फुलं अगदी मधोमध असतात, पिवळट हिरव्या मण्यांच्या झुबक्यासारखी. जवळून पाहिलंत तर प्रत्येक मण्याच्या कडेला ओठांसारखी एक पिवळी ग्रंथी दिसेल आणि तिच्यात चिकट मधाचा थेंब. हे मणी गळले की लाल रंगही उतरणीला लागला असं समजा. म्हणून विकत घेताना मणी घट्ट मिटलेले आणि जागेवर असलेलं झाड निवडा. पिवळे पराग सांडलेलं झाड कितीही लाल असलं तरी त्याचा मोसम संपत आलेला असतो.

२. हे थंड देशातलं झाड आहे ना? आपल्याकडे दुसऱ्या वर्षी लाल होणं शक्य तरी आहे का?

हा समज नाताळच्या बर्फाळ चित्रांमुळे झालेला आहे. पॉइनसेटिया मूळचा मेक्सिकोचा. तिथले अॅझटेक लोक त्याला क्वेतलाशोचित्ल म्हणत. स्पॅनिशमध्ये तो नाताळच्या आदल्या रात्रीचं फूल आहे. अमेरिकेचे मेक्सिकोतले राजदूत जोएल पॉइनसेट यांनी १८२८ च्या सुमारास तो आपल्या देशात धाडला आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. हे झाड जिथून नेलं असं सांगतात ते टास्को गाव साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पुणेही तिथेच. म्हणजे टास्कोत दिवस जेवढा लहान होतो, तेवढाच पुण्यातही होतो. हवा आणि सूर्य आपल्या बाजूने आहेत. आड येतात ते आपले दिवे.

३. मग माझं झाड हिरवंच का राहिलं?

बहुतेक वेळा रात्री उजेड पडल्यामुळे. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य रात्रीची लांबी मोजतं. सलग काळोख सुमारे बारा तासांच्या वर गेला की झाड पानं काढायचं सोडून कळ्या धरू लागतं आणि शेंड्याकडची पानं लाल येतात. मध्येच कोणी ट्यूबलाइट लावली की झाडाच्या लेखी एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात. नर्सरीवाले याचाच उपयोग उलटा करतात: झाडानं घाईनं कळ्या धरू नयेत म्हणून रात्री दहा ते दोन दिवे लावून ठेवतात. तुमच्या बाल्कनीसमोरचा रस्त्यावरचा दिवा तेच काम फुकटात करत असतो.

दुसरं कारण उष्ण रात्री (प्रश्न १२). तिसरं, उशिरा केलेली छाटणी (प्रश्न ८).

४. नाताळ झाल्यावर लगेच काय करायचं?

सर्वांत आधी कुंडीभोवतीचा चमचमता कागद काढा. त्याच्या तळाशी पाणी साचतं आणि मुळं कुजतात. झाड खिडकीजवळ, सकाळचं ऊन मिळेल असं ठेवा. एसीच्या झोतात किंवा फ्रिजच्या मागच्या गरम हवेत नको. पाणी रोज घालायचं नाही. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच भरपूर घाला आणि ताटलीत उतरलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. बाजारातली बहुतेक झाडं निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतात. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, तेव्हा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणं अधिक खात्रीचं. या काळात खत नको.

५. छाटणी कधी आणि किती?

लाल पानं विटून गळू लागली की, म्हणजे फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. प्रत्येक फांदी बुडापासून चार ते सहा इंच ठेवून कापा. तिच्यावर निदान तीन-चार डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, राहिले पाहिजेत. हात आखडू नका. अर्धवट छाटलेलं झाड खाली उघडं आणि वर झिपरं होतं. कापताच पांढरा चीक गळतो, तो कपड्यांवर डाग पाडतो आणि काहींच्या कातडीला खाज आणतो, म्हणून हातमोजे घाला. कापलेल्या टोकावर थोडं पाणी शिंपडलं किंवा राख लावली की चीक थांबतो.

यानंतर झाड ओक्याबोक्या काड्यांसारखं दिसतं. मेलं म्हणून फेकू नका. नखानं साल जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. पानं नसताना पाण्याची गरज फारच कमी असते. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. एप्रिल-मे त्याला पूर्वेच्या बाल्कनीत किंवा ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली काढू द्या. विदर्भ-मराठवाड्यात दुपारच्या उन्हापासून जपावंच लागतं.

६. कुंडी आणि माती कशी हवी?

मेच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसानंतर, नवे कोंब दोन-तीन इंचांचे झाले की कुंडी बदला. आधीच्या कुंडीपेक्षा दोन इंच मोठी पुरे. पाच इंची होती तर सात-आठ इंची. एकदम बारा इंची घेतलीत तर न वापरली गेलेली माती ओली राहते आणि मुळं बिघडतात.

मिश्रण: दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. काळी माती घालू नका, पावसात तिचा चिखल होतो. जुन्या कोकोपीटचा गोळा बाहेरून हलक्या हातानं मोकळा करा. तो तसाच लाल मातीत बसवला तर बाहेरची माती ओली आणि मधला गोळा कोरडा, अशी गत होते. पाणी घालूनही झाड मान टाकतं ते यामुळे.

७. जुलैत झाड हिरवंगार होतं आणि दोन दिवसांत कोलमडलं. काय झालं?

मूळकूज. नाताळनंतर टिकलेली जितकी झाडं आपल्याकडे मरतात, त्यातली बरीचशी पावसाळ्यात मरतात. खोड मातीलगत काळं-तपकिरी आणि मऊ झालं असेल, मुळांची साल चिमटीत सुटून येत असेल, तर ते झाड वाचत नाही. वरचा शेंडा टणक असल्यास त्याची काडी लावा (प्रश्न ९).

टाळण्यासाठी: जूनच्या सुरुवातीलाच कुंडी पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात घ्या. ताटली काढून टाका, कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर उचला, तळाची भोकं काडीनं मोकळी करा. कोकणात आणि गोव्यात झाड सरळ छपराखाली ठेवा. चार महिने पावसात भिजवून ते नीट राहील ही आशा नको.

८. शेंडे खुडायचे म्हणजे काय? शेवटची तारीख कोणती?

कोंबाला पाच-सहा पानं आली की टोकाचा अर्धा-पाऊण इंच नखानं खुडायचा आणि खाली चार पानं ठेवायची. त्या चार पानांच्या बेचक्यांतून नव्या फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक लाल तुरा येतो, म्हणून जितक्या फांद्या तितके तुरे. पहिल्यांदा जूनच्या मध्यावर, दुसऱ्यांदा जुलैअखेर, आणि झाड जोमात असेल तर शेवटचं ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. गणपती बसले की कात्री बंद, असं ढोबळ मानानं धरा. गणपती सप्टेंबरच्या मध्यावर असतील तर मात्र ऑगस्टचीच तारीख पाळा. सप्टेंबरात खुडलेल्या फांदीला वाढायला वेळ मिळत नाही आणि तुरे रुपयाएवढे राहतात.

याच काळात खत द्यायचं. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, दर दहा-पंधरा दिवसांनी, ओल्या मातीत. जुनी पानं शिरांमध्ये पिवळी पडू लागली तर महिन्यातून एकदा लिटरला दोन ग्रॅम एप्सम सॉल्ट. ऑक्टोबरपासून खत निम्मं करा आणि रंग पुरता भरला की थांबवा.

९. छाटलेल्या फांद्या लावता येतात का?

येतात. मार्चच्या उन्हात कठीण जातं. जून-जुलैत कापलेले तीन-चार इंचांचे कोवळे शेंडे छान लागतात. खालची पानं काढा, चीक थांबेपर्यंत टोक पाण्यात धरा, मुळं फुटण्याची पावडर लावून ओलसर कोकोपीट-वाळूत खोचा आणि वरून कापलेली पारदर्शक बाटली उपडी घाला. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

बी लावण्याच्या भानगडीत पडू नका. नर्सरीचे आटोपशीर, भरपूर फांद्यांचे पॉइनसेटिया तसे असतात ते त्यांच्या शरीरात वस्तीला असलेल्या फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे. १९९७ साली हे सिद्ध झालं. एरवी बागायतदार ज्याला रोग म्हणून हाकलतात, त्याच जातीच्या जिवावर हा सगळा व्यापार उभा आहे! काडीतून तो पुढे जातो, बियांतून जात नाही.

१०. अंधार नेमका कधीपासून, किती तास आणि किती दिवस?

२५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबरच्या दरम्यान सुरू करा. संध्याकाळी ६ ते सकाळी ८, असे सलग चौदा तास झाड खोक्यानं किंवा काळ्या कापडानं झाकायचं (प्रश्न ११). जातीनुसार आठ ते दहा आठवडे लागतात, म्हणजे १ ऑक्टोबरला सुरुवात केली तर नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाड तयार. पहिले तीन-चार आठवडे डोळ्यांना काहीच दिसत नाही. बरेच जण इथेच कंटाळतात. मग शेंड्याच्या नव्या पानांच्या शिरा तांबूस होतात आणि त्यानंतर गाडी वेग घेते.

दिवसा मात्र भरपूर उजेड हवा, निदान चार-पाच तास कोवळं ऊन. चोवीस तास अंधाऱ्या खोलीत कोंडलेलं झाड लाल होत नाही, पिवळं होऊन गळतं. तुरे पूर्ण रंगले आणि मधले मणी दिसू लागले की रोजचं झाकणं थांबवून झाड दिवाणखान्यात आणलं तरी चालतं.

११. रोज खोका झाकायलाच हवा का?

नाही. रात्री खरोखर काळोख असेल तर खोक्याची गरज नसते. परसातली, शेतघराच्या अंगणातली, महाबळेश्वरच्या बंगल्यांच्या कुंपणाला लावलेली झाडं कोणी न झाकता लाल होतात. फक्त त्यांचा रंग आपल्या वेळेनं, डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत भरतो. २५ डिसेंबरची तारीख गाठायची असेल तर चौदा तासांचा हिशेब पाळावा लागतो.

जागा पारखायची सोपी रीत: अमावास्येच्या सुमारास रात्री नऊला कुंडीपाशी वर्तमानपत्र धरा. बातमीची बारीक अक्षरं वाचता आली तर ती जागा बाद. कोजागरीच्या चांदण्याची मात्र धास्ती नको, तेवढ्यानं झाड फसत नाही.

खोका वापरणार असाल तर झाडापेक्षा सहा इंच उंच पुठ्ठ्याचा घ्या आणि जोडांवर काळी चिकटपट्टी लावा. डोकं आत घालून दुपारी बघा, कुठून किरण येतो ते लगेच कळतं. प्लॅस्टिकच्या काळ्या पिशवीत घाम धरतो आणि बुरशी येते. त्यापेक्षा दुहेरी काळं सुती कापड बरं.

१२. मुंबईत सगळं पाळूनही रंग उशिरा आला. चूक कुठे?

बहुधा चूक नाही, उकाडा आहे. रात्रीचं तापमान १६ ते २० अंशांत असलं तर झाड उत्तम कळ्या धरतं. २४ च्या वर गेलं की चाल मंदावते. मुंबई, ठाणे, किनारपट्टी इथे ऑक्टोबरच्या रात्री याच हद्दीत असतात आणि बंद खोक्यात आणखी दोन-तीन अंश चढतात. उपाय म्हणजे पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपासून कुंडी हलवा, खोक्याच्या खालच्या बाजूला आडोसा असलेली हवेची भोकं ठेवा आणि रात्री साडेनऊनंतर घरातले दिवे बंद असतील तरी झाकण काढायचा मोह टाळा. पुणे-नाशिककरांपेक्षा दोन-तीन आठवडे उशीर गृहीतच धरा. जानेवारीतला लाल रंगही लालच असतो.

१३. दिवाळीत आकाशकंदील लावायचा नाही का?

लावायचा, झाड हलवायचं. दिवाळी येते ती नेमकी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरच्या पूर्वार्धात, म्हणजे अंधाराच्या मोसमाच्या ऐन मध्यात. कंदील ग्रिलला टांगलेला, त्याच्या खाली दोन फुटांवर कुंडी, आणि कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत रात्रभर चालू: हिरव्या राहिलेल्या झाडांमागची ही सर्रास गोष्ट आहे. पिवळ्या-तांबड्या उजेडाचे बल्ब सर्वांत वाईट, कारण फायटोक्रोमला लाल प्रकाशच जास्त जाणवतो. माळा, जिन्यातला सेन्सरचा दिवा, खिडकीतून येणारा टीव्हीचा उजेड, हेही मोजा. संडास-न्हाणीच्या बाजूची कोरडी, बंद बाल्कनी किंवा गच्चीवरच्या टाकीची उत्तरेकडची बाजू कामी येते.

१४. दोन-तीन रात्री झाकायला विसरलो. सगळं वाया गेलं?

नाही. एखादी चुकलेली रात्र फारसं बिघडवत नाही. ओळीनं पाच-सहा रात्री उजेड पडला तर तेवढ्यानं काम लांबतं, आणि सुरुवातीच्या तीन आठवड्यांत असं झालं तर जवळजवळ नव्यानं सुरुवात. पानं अर्धी लाल अर्धी हिरवी आली, तर त्याचा अर्थ रात्र मधूनच तुटली किंवा झाकणं लवकर थांबलं. झाकणं पुन्हा सुरू करा. हिरवं राहिलेलं पान बदलत नाही, पण पुढची पानं लाल येतात.

१५. पहिल्या वर्षी फूटभर होता, आता तीन फूट झाला. आणि निळा घेतला होता, तो पांढरा आला!

उंचीचं कारण: बाजारातल्या झाडांना वाढ रोखणारी रसायनं दिलेली असतात. त्यांचा असर ओसरला की झाड आपल्या मूळ स्वभावावर येतं; जमिनीत ते सहज आठ-दहा फुटांचं झुडूप होतं. घरी ती रसायनं वापरायच्या फंदात पडू नका. खुडणं आणि भरपूर ऊन एवढ्यावर दीड-दोन फुटांत राहतं.

निळा पॉइनसेटिया जन्माला येत नाही. तो पांढऱ्या जातीवर मारलेला रंग असतो, चमकीसकट. गुलाबी, पांढऱ्या आणि ठिपकेवाल्या जाती मात्र खऱ्या आहेत आणि त्यांनाही अंधाराचा तोच नियम.

१६. आम्ही परदेशात राहतो. काय बदलेल?

अमेरिका, इंग्लंड, युरोप: अंधाराच्या तारखा त्याच. झाड उन्हाळ्यात बाहेर ठेवा आणि रात्री १० अंशांच्या खाली जायच्या आत घरात घ्या. घरात दिवे उशिरापर्यंत चालू असतात, तेव्हा खोका किंवा न वापरलेलं कपाट लागतंच.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये सगळं उलटं आहे. तिथे डिसेंबरात दिवस सर्वांत मोठा, त्यामुळे झाड आपणहून जून-जुलैत लाल होतं. नाताळला हवं असेल तर ऑक्टोबरपासून रोज चौदा तास झाकावं लागतं, तेही चढत्या उन्हाळ्यात. आमचा सल्ला: जूनमध्ये होऊ द्या.

१७. घरात लहान मूल आणि मांजर आहे. हे झाड विषारी ना?

कीर्तीइतकं नाही. हवाईत १९१९ मध्ये पान खाऊन एक मूल दगावल्याची कथा फिरत आली, ती कधी सिद्ध झाली नाही. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडच्या २२,७९३ नोंदी १९९६ मध्ये तपासल्या गेल्या, त्यात एकही मृत्यू नव्हता. चिकानं मात्र तोंड चुरचुरतं, ओकारी येऊ शकते, डोळ्यात गेला तर आग होते. डोळे भरपूर पाण्यानं धुवून डॉक्टरांना दाखवा. रबराच्या हातमोज्यांची अॅलर्जी असलेल्यांनी चिकापासून खास जपावं.

१८. पानांखाली पांढरे बारीक किडे आहेत, हात लावला की उडतात.

पांढरी माशी. पॉइनसेटियाचा पाचवीला पुजलेला शत्रू. लिटरला पाच मिली नीमतेल, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, पानांच्या खालून, संध्याकाळी, पाच-सहा दिवसांच्या अंतरानं तीनदा फवारा. पिवळे चिकट कागद शेजारी टांगा. रंग भरलेल्या पानांवर तेल उडवू नका, डाग पडतात आणि ते जात नाहीत. म्हणून ही लढाई सप्टेंबर संपायच्या आत जिंकायची. बेचक्यांत कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण, त्याला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस पुरतो.

१९. हीच युक्ती ख्रिसमस कॅक्टस आणि कलांचोला चालते का?

अंधाराचा भाग चालतो. कलांचोला सहा आठवडे चौदा तास पुरतात. ख्रिसमस कॅक्टसला अंधाराबरोबर १५ अंशांच्या आसपासची थंड रात्र आवडते, शिवाय कळ्या धरल्यावर कुंडी हलवली किंवा माती पार सुकू दिली तर तो त्या टाकून देतो. प्रश्न ५ मधली कडक छाटणी मात्र त्याच्यावर करू नका. फुलं संपल्यावर टोकाची एक-दोन पेरं पिळून काढली की झालं. अमॅरिलिसचा कारभार कांद्याचा आहे, त्याला अंधाराचा हा हिशेब लागू नाही.